अकरा दिवसांची माफी

नानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस जप करतो आहे. धुळ्याच्या जिल्हा कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली सतरंजीच्या तुकड्यावर ते मांडी घालून बसले होते. डोळे मिटलेले, ओठ हलत होते आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सावकाश चालला होता. मी पदर सावरून बाजूला उभी राहिले. देवाच्या नावात खंड नको म्हणून खोकलासुद्धा दाबला. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि समोर बसलेल्या शेतकऱ्याला म्हणाले, "बुधवारपावतो. गुरुवारी आलास तर मी तुला ओळखणार नाही."

ते मुदत मोजत होते.

नाना एका वकीलसाहेबांचे कारकून. अंगानं वाळलेले, काळी टोपी थोडी मागे सरकलेली, कोटाच्या खिशात पंचांग. तारखा लिहून ठेवायची वही त्यांच्याजवळ नव्हती. "वकीलसाहेब कायदा जाणतात, मी दिवस जाणतो," असं ते सांगत आणि पेरांवर अंगठा टेकवून दाखवत. कुणी अशील उशिरा आला की त्याला ऐकवत, "गाडी सुटताना शिट्टी तरी देते. मुदत मुक्यानं निघून जाते." नानांच्या हातून आजवर एकही मुदत चुकली नाही, ही गोष्ट धुळ्यात चहाच्या दुकानातही ठाऊक होती. मी त्या दिवशी कोर्ट उघडायच्या दोन तास आधी येऊन बसले होते. आजही मी गाडीच्या दोन तास आधी स्टेशनावर जाते, माझा स्वभावच तसा. नानांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "ही बाई माझ्या जातीची दिसते."

मी धुळ्याला का गेले, ते सांगायला हवं. माझं पहिलं घर शिरपूरजवळच्या एका खेड्यात. मालक तापानं गेले तेव्हा माझा रघू तीन वर्षांचा होता. वर्ष उलटल्यावर अमळनेरच्या माझ्या भावानं भुसावळच्या रेल्वे शेडमध्ये काम करणाऱ्या एका भल्या माणसाशी माझा पाट लावून दिला. आमच्यात विधवेनं पाट लावण्यात काही कमीपणा नाही. पण त्या चालीला दुसरी बाजूही आहे. बाई नव्या घरी जाते, पोर बापाच्या घरी राहतं. मी ती बाजू मानली नाही. रघूला घेऊन भुसावळला निघायच्या तयारीत असताना माझे पहिल्या घरचे मोठे दीर अमळनेरला आले. त्यांना सगळे आबा म्हणत. आबांनी रघूला खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, "तू सुखे जाय. पोऱ्या आमना शे." पुढे त्यांनी कोर्टात अर्ज केला, की आईनं दुसरं घर केलं, आता पोराचा पालक मला नेमा.

माझा नवरा म्हणाला, "आपण लढू." त्या एका शब्दासाठी मी जन्मभर त्यांच्या ऋणात आहे. त्यांना रजा मिळत नसे, म्हणून बहुतेक तारखांना भुसावळहून चाळीसगावमार्गे मी एकटीच धुळ्याला जायची.

पहिल्या दिवशी वकीलपत्रावर मी अंगठा पुढे केला. नानांनी शाईचा डबा मागे ओढला.

"शाळेत गेली होतीस का?"

"दुसरीच्या पुस्तकापर्यंत. मग लग्न झालं."

"मग अंगठा कशाला? अंगठा मुका असतो, माय."

त्यांनी काडीनं धुळीत माझं नाव लिहिलं आणि मला ते गिरवायला लावलं. दुपारपर्यंत माझ्या हाताला वळण आलं. मग म्हणाले, "आता दुसरा धडा. वाचल्याशिवाय सही करायची नाही. कागद मी दिला तरी नाही." पुढचं वर्षभर प्रत्येक कागद मी बोट ठेवून, अक्षर लावत वाचला आणि मगच सही केली. वकीलसाहेब घड्याळ काढून बघत. नाना त्यांना म्हणत, "साहेब, तिचं पोर आहे. वाचू द्या."

जेवायला ते मला घरी पाठवत. त्यांच्या बायकोला मी अक्का म्हणायची. त्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढत आणि नवऱ्याची उणीदुणी काढत. "कोर्टमा यास्ले बठ्ठं याद ऱ्हास. घर मीठ लयाले सांगं ते भुली जातस." नाना मान खाली घालून भाकरी मोडत, म्हणत, "मिठाला मुदत नसते ना." दोघांना मूल नव्हतं. मी निघाले की अक्का रघूसाठी काहीतरी फडक्यात बांधून देत.

रघूची आणि माझी भेट तारखेच्या दिवशीच व्हायची, तीही नानांमुळे. आबा त्याला बोटाला धरून आणत आणि माझ्याकडे पाठ करून बसत. नाना उठून त्यांच्याजवळ जात, तंबाखूची चंची पुढे करत. "या आबा. औंदा कपाशी काय म्हणतेय?" कपाशीचा विषय निघाला की आबांना भान राहत नसे. नाना एका हातानं चुना मळत आणि दुसरा हात पाठीमागे नेऊन रघूला माझ्याकडे ढकलत. मग तासभर तो माझ्या मांडीवर असे. "माय, तू घर कव्हय येशी?" हे तो दर वेळी विचारायचा. विरुद्ध पक्षाच्या माणसाला कपाशीत गुंतवून आईला पोर भेटवणारा वकिलाचा कारकून कुणी पाहिला असेल असं मला वाटत नाही. मी मनातून नानांना बापाच्या जागी बसवलं होतं.

निकाल गुढीपाडव्याच्या सुमारास लागला. जज्जसाहेबांनी रघूला जवळ बोलावून विचारलं, कुणाकडे राहायचं? तो तेव्हा पाच वर्षांचा होता आणि वर्षभर त्या घरी जेवत होता. त्यानं आबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "आबा." पोर आबांना मिळालं.

मी पायरीवर बसले. नाना शेजारी येऊन बसले. "रडू नको. मुंबई बाकी आहे." मग त्यांनी मला समजावून सांगितलं. मुंबईच्या मोठ्या कोर्टात अपील करायला तीन महिने मिळतात. निकालाची नक्कल करून द्यायला इथलं कोर्ट जे दिवस घेतं, ते त्यात धरत नाहीत. "म्हणजे तुझ्याजवळ जास्तीचे दिवस आहेत. तू भुसावळला जा. मोजायचं काम माझं." त्याच दिवशी त्यांनी नकलेचा अर्ज टाकला.

मध्ये आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला खानदेशातला माणूस घरी नसला तर त्याला माणूस म्हणत नाहीत. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोक्यावर बसून गाणी म्हणतात आणि पुरुष पारावर पत्ते खेळत दिवसचे दिवस काढतात. नाना भडगावजवळच्या आपल्या गावी गेले. वर्षातून ही एकच रजा ते घेत, पण घेत ती मोकळ्या हातानं. परत आल्यावर त्यांनी नक्कल सोडवून आणली. मग मुंबईचं कोर्ट उन्हाळ्याच्या सुट्टीवर गेलं. ते उघडलं तेव्हा अधिक आषाढ लागला होता.

अधिक महिन्यात नाना नवं काम हाती घेत नसत. नवा टाकसुद्धा वापरत नसत. मी त्या महिन्यात तीनदा धुळ्याला गेले. भुसावळला माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

"नाना, मुदत?"

"पेरावर आहे." त्यांनी अंगठा मधल्या बोटावर टेकवून दाखवला. "हा धोंड्याचा महिना संपला की वर चार दिवस उरतात. निज आषाढात पहिल्या दिवशी कागद मुंबईला."

"आधीच धाडले तर?"

"मलमासात सुरू केलेलं काम फळत नाही, माय. तुझ्या पोराचं काम आहे म्हणून तर थांबतोय."

तिसऱ्या खेपेला मी त्यांच्या पाया पडले. ते हसले. "तू माझ्याहून जास्त भितेस. भ्यायचं काम तुझं, मोजायचं माझं. वाटणी झालेली आहे."

निज आषाढ लागताच कागद गेले आणि थोड्याच दिवसांत मुंबईहून उलटं पत्र आलं. अपील अकरा दिवस उशिरा आलं होतं. उशीर माफ व्हावा असं वाटत असेल, तर त्याचं कारण शपथेवर लिहून पाठवावं.

नानांनी मला तातडीनं बोलावलं. त्या दिवशी ते मला खंगल्यासारखे दिसले. अंगठा पेरांवर नव्हता, हात कोटाच्या खिशात होते. म्हणाले, "मोजणीत जराशी गफलत निघाली. होतं असं. कोर्ट माफ करतं, कारण पटलं पाहिजे." प्रतिज्ञापत्र लिहून तयार होतं. दोन पानं, बारीक अक्षर. "टपाल निघायची वेळ झाली आहे. इथं सही कर. शिरस्तेदारापुढे मी नेतो."

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. नाना माझ्याकडे बघत नव्हते, दाराकडे बघत होते. मला लाज वाटली. ज्या माणसानं मला सही शिकवली, ज्याच्या घरी मी वर्षभर जेवले, त्याच्यापुढे अक्षर अक्षर लावत बसायचं म्हणजे त्याच्यावर शंका घेणं. मी बोट उचललं आणि सही केली. वर्षभरात न वाचता केलेली ती एकच सही. शिरस्तेदारानं विचारलं, "मजकूर समजला?" मी म्हटलं, "समजला."

दिवाळीच्या आधी निकाल आला. उशीर माफ झाला नाही, म्हणून अपील ऐकलंच गेलं नाही. मी वकीलसाहेबांच्या खोलीत उभी होते, नाना कपाटाजवळ. साहेबांनी इंग्रजी कागद वाचून मला मराठीत सांगितला. "कोर्ट म्हणतं, बाईनं अधिक महिना पाळला, त्या महिन्यात ती घराबाहेर पडली नाही, म्हणून कागद वेळेवर दिले नाहीत. पोराची ओढ असलेली आई असं करत नाही. हे कारण पुरेसं नाही."

मी म्हटलं, "साहेब, मी कधी पाळला? मी त्या महिन्यात तीनदा इथं आले."

साहेबांनी नानांकडे पाहिलं. मग टेबलावरची निकालाची नक्कल उचलून उलटी केली. नकलेच्या पाठीवर तीन तारखा असतात. अर्ज कधी आला, नक्कल तयार कधी झाली आणि ती नेली कधी. साहेब मोठ्यानं वाचत गेले. नक्कल आखाजीच्या आधीच तयार झाली होती. नाना गावी पत्ते खेळत होते तेवढे दिवस ती कोर्टात नुसती पडून होती आणि नानांनी ते दिवसही नकलेचे म्हणून मुदतीतून वगळले होते.

"कारकुनाची चूक झाली, एवढं लिहिलं असतं," साहेब हळू आवाजात म्हणाले, "तर बहुतेक माफी मिळाली असती. प्रामाणिक चुकीला कोर्ट माफ करतं. नाना, मी मुंबईला गेलो होतो म्हणून तुम्ही परस्पर हे लिहिलंत?"

नानांनी कपाटाचं दार लावून घेतलं.

"आता खरं लिहून पाठवा की साहेब," मी म्हटलं.

"बाई, शपथेवर एक सांगितलंत. आता शपथेवरच दुसरं कसं सांगणार? सही तुमची आहे."

नाना मला स्टेशनपर्यंत सोडायला आले. वाटेत मी विचारलं, "माझ्या नावावर का लिहिलंत?" ते म्हणाले, "मला वाटलं, देवाधर्माचं कारण जज्जसाहेबांना पटेल. आणि माझं नाव त्या कागदावर आलं असतं तर या वयात मला दुसरं कोण ठेवणार? तुझं पोर चुलत्याकडे उपाशी मरणार नाही, माय." गाडी सुटेपर्यंत ते फलाटावर उभे होते. मी खिडकीतून तोंड फिरवलं.

पुढच्या वर्षी माझ्या नवऱ्याची बदली झाशीला झाली. इथं मराठी बोलायला दोन घरं आहेत. मला इथं दोन मुली झाल्या. रघूला मी पत्रं टाकायची, उत्तर यायचं नाही. नानांना मात्र मी एक ओळसुद्धा लिहिली नाही. तरी पाटीवर मुलींना अक्षरं गिरवायला शिकवताना त्यांची आठवण यायची आणि आठवण आली की आधी बरं वाटायचं, मग ती सही डोळ्यांपुढे यायची. हा क्रम कधी उलटा झाला नाही. मला शाळेनं दोन पुस्तकं दिली, बाकीचं जे काही लिहिता-वाचता येतं ते त्या माणसामुळे. हेही खोटं नाही.

रघू पंधरा वर्षांचा झाला तेव्हा मी शिरपूरला गेले. तो तिथं शाळेत शिकत होता आणि गावी आबांकडे राहत होता. आबांच्या ओसरीवर तो माझ्यासमोर उभा राहिला. त्याला मिसरूड फुटत होती. मला 'अहो' म्हणाला.

"आबांनी मला कागद दाखवला आहे. मला परत न्यायचं होतं, तेव्हा तुम्ही घरात बसून अधिक महिना पाळलात."

मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सही तर तुमचीच आहे." आणि शाळेत निघून गेला.

त्या संध्याकाळी मी धुळ्याला नानांच्या दारात उभी राहिले. नानांनी काम सोडलं होतं. अक्कांनी दार उघडलं, मला ओळखलं आणि आत जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, "ऊठा. ती ऊनी शे." जशी काही दहा वर्षं त्या वाट बघत होत्या.

मी बसले नाही. म्हटलं, "नाना, मला दुसरं काही नको. उद्या शिरपूरला चला आणि रघूला खरं काय ते सांगा."

त्यांनी कोट मागितला. "येतो. सकाळची पहिली मोटार धरू."

मोटारीतून त्यांनी तापी ओलांडताना नदीला हात जोडले. मला वाटलं, धीर गोळा करताहेत. आबांनी त्यांना कोर्टातला माणूस म्हणून मानानं खुर्ची दिली, चहा आणवला. नानांनी चंची काढली. कपाशीचं विचारलं. मग रघूला जवळ बोलावलं.

"बाळ, मी त्या केसमधला कारकून. तुझ्या आईचा कागद माझ्या हातचा आहे."

"मग?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे. "तुझी आई तेव्हा अडाणी होती. देवभोळी होती. मी लाख सांगितलं, तिनं ऐकलं नाही. पण कोर्टात तुझ्यासाठी ती वर्षभर पायपीट करत होती, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. अकरा दिवसांची चूक आहे. कोर्टानं माफ केली नाही. तू कर."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात आबा पुढे सरकून म्हणाले, "हाई तर मी पह्यलेपासून सांगस. बाई वाईट नही, भोळी शे." त्यांच्या तोंडावर समाधान होतं. एवढ्या वर्षांत ते माझ्याविषयी पहिल्यांदा बरं बोलले. रघू खाली वाकला आणि माझ्या पायांना हात लावला. म्हणाला, "जाऊ दे, माय."

दहा वर्षांनी मी तो शब्द ऐकत होते. त्या वेळी दुसरं कुणी खरं-खोटं करायला बसलंही असतं, मला जमलं नाही. मी त्याला पोटाशी धरलं आणि गप्प राहिले. नानांनी लगेच पुढचं बोलणं उरकलं. "आबा, दिवाळीच्या सुट्टीत पोराला आठ दिवस झाशीला धाडा. त्याच्या बहिणी आहेत तिथं." आबा म्हणाले, "धाडसू. कसाले नही?"

परतीच्या मोटारीत मी विचारलं, "नाना, पुन्हा?"

"खरं सांगितलं असतं तर पोरगा माझ्यावर चिडला असता, आबांवर चिडला असता. तुझ्या हाती काय आलं असतं? त्यानं तुझ्यावरचा राग सोडायला पाहिजे होता, तो सोडला." मग म्हणाले, "तुला पोर पाहिजे होतं की खरं पाहिजे होतं?"

"मला दोन्ही पाहिजे होतं."

"दोन्ही मागणारे अर्ज खर्चासह फेटाळतात, माय."

ते हसले नाहीत. मीही हसले नाही. धुळ्याच्या स्टँडवर उतरताना त्यांनी आधारासाठी माझा खांदा धरला आणि मी धरू दिला. त्यांनी माझ्यासाठी हे केलं की स्वतःसाठी, याचा मी अजून निवाडा केलेला नाही. त्यांच्या जागी दुसरा असता तर मला पोर मिळालं असतं. दुसरा असता तर मी अंगठाबहाद्दर राहिले असते आणि नातं जुळवायला आबांच्या ओसरीवर कुणी आलंही नसतं. रात्रंदिवस हे दोन्ही धरून बसायला जेवढं मन लागतं, तेवढं मोठं मन माझं नाही.

नाना गेल्याचं अक्कांनी दुसऱ्याकडून लिहवून कळवलं. मी एक दिवस चूल पेटवली नाही. नवऱ्यानं विचारलं, "कशासाठी सुतक धरलंस? फसवलं ना त्यांनी तुला?" मी म्हटलं, "फसवलं. दोनदा."

रघू आता नोकरीला लागला आहे. दर महिन्याला त्याचं पत्र येतं. अक्षर सुरेख आहे. तीर्थरूप आईस, शिरसाष्टांग नमस्कार. मग खुशाली, बहिणींची चौकशी, हवापाणी. आणि शेवटी सहीच्या वर, त्याला बिचाऱ्याला वाटतं की मला बरं वाटेल, म्हणून तो न चुकता एक ओळ लिहितो: मागची तुझी चूक मी केव्हाच विसरलो आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस.

मी उत्तर लिहायला बसते. खुशाली लिहिते, मुलींचं लिहिते, झाशीच्या उन्हाचं लिहिते. त्या ओळीपाशी आले की हात थांबतो. मग लिहिते, तुझं मन मोठं आहे, बाळा. आणि पाकीट बंद करते.